मधल्या बोटावरची हळद

माझ्या पार्लरमध्ये एक जुनं, चेपलेलं पातेलं आहे. त्यात चहा होत नाही. त्यात सुटलेली कातडी कापायचा निपर, कात्र्या, कातडी मागे सारायची पट्टी असं नखांचं लोखंडी सामान वीस मिनिटं उकळतं, मग कोरडं होतं, मगच पुढच्या बाईच्या हाताला लागतं. नख घासायची फाइल आणि गुळगुळीत करायचा बफर उकळता येत नाहीत, म्हणून ते ज्या बाईचे तिच्यासोबतच घरी जातात.

कोळसा खाणींच्या आमच्या घुग्घुसला दार उघडं ठेवून काम केलं तर दुपारपर्यंत आरशावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ बसते. इथल्या बायका माझ्याकडे नखं रंगवायला कमी आणि साफ करून घ्यायला जास्त येतात. कोळशाची रेघ नखाच्या कडेत बसली की साबणाने निघत नाही. सिमेंटच्या कामावर जाणाऱ्यांची बोटं मुळाशी फाटलेली असतात. फाटलेल्या कातडीला दुसऱ्याच्या हातावरचं लोखंड लावायचं नाही, हे मला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. एकवीस वर्षं मी ते पाळलं. गेल्या उन्हाळ्यात एकदा पाळलं नाही.

थोरल्या बहिणीच्या मोठ्या मुलीचं लग्न होतं, एटापल्लीला. भाऊजी तिथे वनखात्यात आहेत. त्यांची धाकटी मुलगी दोन वर्षं पोलीस भरतीच्या मागे होती. पहाटे धावायची, संध्याकाळी शाळेच्या मैदानावर चार किलोचा लोखंडी गोळा फेकायची. आधी मैदानी चाचणी, त्यात निभावलं तरच लेखी. मागच्या भरतीत धावण्यात थोडक्यात कमी पडली होती, म्हणून या वेळी तिचा सगळा भरवसा गोळ्यावर होता. गोळ्यात पूर्ण गुण मिळाले तर धावण्यातली कसर भरून निघणार होती. चाचणी लग्नानंतर विसाव्या दिवशी गडचिरोलीला होती. तारखेचा कागद तिने पुढच्या खोलीतल्या भिंतीला, बाबासाहेबांच्या फोटोखाली चिकटवला होता. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो वाचावाच लागत होता.

हळदीच्या सकाळी मी नवरीला जेलची नखं लावत होते. ही नखं म्हणजे आपल्या नखावर दाट जेलचा थर द्यायचा, तो दिव्याखाली कडक करायचा आणि लांबी हवी तेवढी घासून आणायची. धाकटी समोर येऊन बसली.

"मावशी, मलेबी लाव ना."

"तुले गोळा फेकायचा आहे का नखं दाखवायची आहेत?"

"वीस दिवस आहेत अजून. मंग काढून टाकीन."

"काढून टाकीन म्हणे. टिकली आहे का थे?"

ताई आतून बोलली, "लावून दे वं. करवली आहे ना. नवरीचे हात झकास, अन् हिचे म्हशीच्या खुरावाणी. फोटोत येते सारं."

तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण फोटो मलाही हवे होते. त्या घरात तेव्हा वीस-पंचवीस बाया होत्या आणि सगळ्या माझा हात बघत होत्या. आखूड लावते, असं सांगून मी स्वतःची समजूत घातली.

तोवर आठ बायांचे हात झाले होते. निपर उकळायला मी स्वयंपाकाच्या मांडवात गेले होते, पण दोन्ही शेगड्या आचाऱ्याच्या ताब्यात होत्या.

"बाई, पाव्हण्यांचा चहा उतरवू, का तुमच्या कैच्या शिजवू?" तो म्हणाला, आणि भोवतीचे सगळे हसले. मीही हसले आणि परत आले. कापसावर स्पिरिट घेऊन निपर पुसला. पुसल्याने निपर चकाकतो, निर्जंतुक होत नाही. हे मला माहीत होतं.

दुसरी चूकही तिथेच केली. नखाच्या मुळाशी जी पातळ कातडी असते ती कापायची नसते. पाण्यात भिजवून हलकेच मागे सारायची असते. नखाच्या आत घाण जाऊ नये म्हणून तिथे शरीरानेच बूच बसवलेलं आहे. कापली की नख लांब आणि स्वच्छ दिसतं, म्हणून गिऱ्हाइकं कापायला लावतात. तिच्या नऊ बोटांची नीट निघाली. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला रक्ताचा ठिपका आला. मी कापूस दाबून धरला, ठिपका थांबला, वर जेल चढवलं आणि बोट दिव्याखाली दिलं.

आमच्यात लग्न बुद्धवंदनेने लागतं, मुहूर्त कोणी बघत नाही, पण हळद काही कोणाच्या हातून सुटलेली नाही. तेलात कालवायची, नवरीला लावायची, मग एकमेकींना फासायची, हे सगळं करवलीच्या हाताने. संध्याकाळपर्यंत तिची दहाही नखं पिवळीधमक झाली. जेलवर बसलेली हळद साबणाने उतरत नाही. मी आधी सांगितलं होतं, त्याचं कोणाला काही वाटलं नाही. लग्न पार पडलं आणि मी घुग्घुसला परतले.

लग्नानंतर सहाव्या दिवशी धाकटीकडून फोटो आला. खाली लिहिलं होतं, "मावशी, हे बोट थोडं दुखून राह्यलं."

माझ्या हातात दोरा होता आणि एका बाईच्या भुवया अर्ध्या झाल्या होत्या. मी एका डोळ्याने फोटो बघितला. दहा पिवळी नखं. मधलं जरा जास्त पिवळं, कडेला फुगीर. मी लिहिलं, "हळद आहे, जाईल. जेल स्वतः ओढून काढू नको."

यातलं दुसरं वाक्य बरोबर होतं. पोरीने दोन्ही ऐकली.

नंतर कळलं, की आठव्या दिवशी ताईने लिंबाला भोक पाडून, आत हळद-मीठ भरून ते तिच्या बोटावर टोपीसारखं बसवलं. नखुरडं झालं की आमच्याकडे हेच करतात. आमच्या आईनेही आम्हाला केलं आहे. वरून पुन्हा हळद, त्यामुळे खाली काय पिवळं आहे ते दिसायची सोयच राहिली नाही. आणि पोरगी रोज संध्याकाळी लिंबू काढून गोळा फेकत होती. परत आली की पुन्हा लिंबू.

दहाव्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला.

"बोट वांग्यावाणी झालं. अंगात ताप आहे. डोळ्याले डोळा नाई लागला तिचा."

"काखेत दुखते का विचार."

ताईने विचारलं. मागून पोरीचा आवाज आला, "गाठ आहे."

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. माझी वाट पाहू नका. अन् थे लिंबू फेकून दे."

"तूच लावलं थे नख. तूच येऊन काढ," ताई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. "माह्या पोरीचं बोट गेलं तं लग्नाच्या फोटोले हार घालू का?"

भाऊजींनी पोरीला मोटरसायकलवर बसवून आलापल्लीला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दीड तासाने त्या बाईंचाच फोन आला.

"नखं तुम्ही लावलीत?"

"हो."

"नखाखाली पू आहे. उघडावं लागेल. पण वर तुमचं हे जे काय बसवलंय, त्यावर माझी कात्री घसरते. ओढलं तर खालचं मांसही सोबत येईल. कशाने निघतं?"

"ॲसिटोनमध्ये भिजवून. नाहीतर वरून घासून."

"उघड्या जखमेवर ॲसिटोन नको. घासायला तुम्ही याल? आज इंजेक्शन आणि गोळ्या सुरू करते. पण संध्याकाळपर्यंत उघडलंच पाहिजे. हाडापर्यंत गेलं तर बोटाच्या पेराचं काही सांगता येणार नाही."

साडेदहाची बस होती. निघण्याआधी मी पार्लरमधलं पातेलं गॅसवर ठेवलं. वीस मिनिटं. घड्याळ समोर ठेवून उभी राहिले. दहा मिनिटांत उतरवलं असतं तर बस मिळाली असती. उतरवलं नाही. बस गेली. सामान स्वच्छ फडक्यात बांधलं, नव्या फाइलींचं न फोडलेलं पाकीट घेतलं आणि पुढच्या गाडीने चंद्रपूर गाठलं, तिथून आलापल्लीची बस धरली.

गोंडपिपरीपर्यंत बस नीट चालली. आष्टी ओलांडली आणि लोहखनिजाच्या ट्रकांची रांग लागली. एक ट्रक रस्त्याच्या मधोमध आडवा बंद पडला होता. उन्हात खिडकीची दांडी हात लावायला नको अशी तापलेली. कंडक्टर खाली उतरून झाडाखाली जाऊन बसला. मी विचारलं, किती वेळ लागेल? तो म्हणाला, "बाई, ट्रकवाल्यालेच विचारा." मी खरंच उतरून विचारायला गेले. ट्रकवाला म्हणाला, खालचा स्प्रिंगचा पाटा तुटला आहे, दुसरी गाडी येईल तेव्हा खरं. मग दुचाकीवर चाललेल्या एका माणसाला हात दाखवला. बायकोला मागे बसवून तो आलापल्लीलाच निघाला होता. "दवाखान्यात पोरगी आहे," एवढंच सांगितलं. बायको पुढे सरकली. तिसरी म्हणून मी मागे बसले, मांडीवर लोखंडाचं गाठोडं घेऊन.

दवाखान्यात पोहोचले तेव्हा चार वाजून गेले होते. ताईही एटापल्लीहून येऊन बाकावर बसली होती. माझ्याकडे न बघता तिने सरकून जागा दिली. मी बसले नाही.

पोरीचा हात टेबलावर हिरव्या कापडावर होता. नखाच्या भोवतीची कातडी ताणून चकाकत होती, टोक जांभळं. मधल्या बोटाचं जेल एका कडेने उचललेलं होतं आणि त्या फटीतून पिवळं दिसत होतं. हळदीचा पिवळा आणि पुवाचा पिवळा यांत काय फरक असतो हे मी आयुष्यभर विसरणार नाही. हळद सगळीकडे सारखी असते. पू कडेला दाट असतो आणि दाबलं की जागा बदलतो. फोटोत हे दिसलं नसतं, असं मी म्हणणार नाही. नीट बघितलं असतं तर दिसलं असतं.

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असतील. त्यांनी बोटाच्या मुळाशी बधिर करायची सुई दिली.

"सामान उकळलेलं आहे?"

"वीस मिनिटं."

"आणि त्या दिवशी?"

भाऊजी दाराशी उभे होते. ताई बाकावरून उठून आत आली होती.

"त्या दिवशी नाही. पुसलं होतं."

बाईंनी हातमोजे माझ्याकडे सरकवले.

यंत्राने घासलं असतं तर पाच मिनिटांचं काम. पण यंत्र तापतं आणि थरथरतं, आणि आत पुवाचा दाब होता. मी हाताने घासायला घेतलं. एरवी घासताना गिऱ्हाईक सांगतं, गरम लागतंय, दुखतंय, आणि आपण थांबतो. इथे बोट बधिर होतं. चूक झाली तर सांगणारं कोणी नव्हतं. एकच खूण होती, भुकटीची. जेलची भुकटी पांढरी आणि कोरडी उडते. खऱ्या नखाला फाइल लागली की ती किंचित पिवळट होते आणि आवाज मऊ येतो. पण हे नख तर आधीच पिवळं. म्हणजे रंगाचा उपयोग नाही, फक्त कान.

"पंखा बंद करा," मी म्हटलं.

भाऊजींनी बंद केला. खोलीत फाइलचा आवाज तेवढा राहिला. कडेपासून मधे, पुन्हा कडेपासून मधे. पोरगी तोंड भिंतीकडे करून पडली होती. मधेच म्हणाली, "मावशी, खारीक कुरतडून राह्यली का?"

"गप राह्य."

"मले काईच समजून नाई राह्यलं म्हणून विचारलं."

घाम कपाळावरून भुवईत उतरत होता. ताईने आपल्या पदराने तो टिपला. माझ्यासाठी टिपला की जखमेत पडू नये म्हणून, ते मी विचारलं नाही. अर्ध्या तासाने कडेचा आवाज बदलला. मी हात उचलला. उरलेला पापुद्रा डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने धरला, तो सहज सुटला. खालचं नख एका बाजूने हिरवट झालं होतं. आत ओल कोंडली की असा हिरवा रंग धरतो. त्यांनी पातं लावलं. जे निघालं ते लिहीत नाही. नखाची एक कड कापून काढावी लागली, बाकीचं नख राहू दिलं.

"हाड वाचलंय असं वाटतंय," त्या म्हणाल्या. "उद्या बघू. दोन आठवडे या हाताने वजन उचलायचं नाही."

पोरीने तोंड वळवलं. "दहा दिवसांनी ग्राउंड आहे माह्यं."

"मग डावा हात वापर."

त्या सहज म्हणाल्या असाव्यात. आम्ही सगळे मात्र एकमेकांकडे बघायला लागलो.

तारीख बदलून मिळते का, याची भाऊजींनी दोन ठिकाणी चौकशी केली. एकाने अर्ज करा म्हटलं, दुसऱ्याने अर्जाच्या भानगडीत नाव जाईल म्हटलं. नक्की कोणी सांगेना. गोळा अमुकच हाताने फेकायचा असं कुठे लिहिलेलं नाही, एवढं मात्र मैदानावरच्या सरांनी तिला पक्कं सांगितलं. बाकीच्या नऊ नखांचं जेल मी तिथेच एटापल्लीला ॲसिटोनमध्ये कापूस भिजवून, फॉइल गुंडाळून, सावकाश उतरवलं. तीन दिवस रोज सकाळी आलापल्लीला पट्टी बदलायला नेलं. ताप उतरला, काखेतली गाठ बसली. डॉक्टरीणबाईंनी एकदा पट्टी बांधता बांधता सांगितलं, कारण तुमचा निपरच असेल असं छातीठोक नाही सांगता येत. कापलेली कातडी, हळद, घाम, लिंबू, गोळा, काहीही असू शकतं. मी मान हलवली. कापलेली कातडीही माझीच होती.

पार्लरला कुलूप होतं. दोन गिऱ्हाइकांनी फोनवर राग काढला. मी गेले नाही.

चौथ्या दिवसापासून तिने डाव्या हाताने सुरुवात केली. उजवा हात गळ्यात बांधलेला. पहिला गोळा तिच्या पायापासून दोन ढांगांवर पडला. सरांच्या दुसऱ्या पोरी हसल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं. मला त्यातलं काही कळत नाही. मी एकच काम करू शकत होते. गोळा पडला की तो उचलून तिच्याकडे आणून द्यायचा, म्हणजे तिला वाकावं लागणार नाही आणि उजवा हात चुकून मदतीला जाणार नाही. चार किलो, सकाळी चाळीसदा, संध्याकाळी चाळीसदा. तिसऱ्या दिवशी माझी कंबर धरली.

"मावशी, तूच भर फॉर्म," ती म्हणाली.

"वय निघून गेलं माझं. फेक."

सर काठीने मातीवर रेघ मारायचे. लेखीपर्यंत जायला किमान एवढं तरी पडलं पाहिजे, असा त्यांचा अंदाज होता. सहा दिवसांत गोळा त्या रेघेच्या वीतभर अलीकडे येऊन थांबला. आणि तिथेच थांबत राहिला.

चाचणीच्या दिवशी नातेवाइकांना आत सोडत नाहीत. ताई, भाऊजी आणि मी भिंतीबाहेर रस्त्याच्या कडेला पहाटेपासून. आतून शिट्टी ऐकू यायची, नंबर पुकारलेले ऐकू यायचे, कोणाचा ते कळायचं नाही. मला एकच भीती होती. तीन संधी असतात. दोन डाव्या हाताच्या कमी पडल्या, तर तिसऱ्याला ती उजवा हात सोडवेल. मी तिच्या जागी असते तर सोडवला असता. आत जाताना मी तिला म्हटलं होतं, "पट्टी मी बांधली आहे. गाठ कुठे आहे ते मला माहीत आहे. बाहेर आलीस की आधी गाठ बघीन."

अकराच्या सुमारास ती बाहेर आली. चेहरा मातीने भरलेला. ताईने विचारलं, "किती पडला?" मी तिचा उजवा हात धरून वर केला. गाठ माझीच होती. पट्टी पांढरी होती.

"पहिला फाउल," ती म्हणाली. "दुसरा सरांच्या रेघेवर. तिसरा थोडा पुढं. धावण्यात मात्र फाडून टाकलं, मावशी. गोळ्याचा भरवसा नव्हता म्हणून रागच रागात पळाली मी."

गोळ्यात पूर्ण गुण मिळणार होते, ते गेले. महिन्याभराने यादी लागली. तिचं नाव होतं, शेवटच्या पानावर, खालून मोजायला सोपं. लेखीला बसायचं पत्र आलं. ताईने मला फोन केला आणि यादीबद्दल दोन वाक्यं बोलून, नवरीच्या सासरी आंबे पोहोचले का यावर पाच मिनिटं बोलली. आमच्यात एवढंच असतं.

कड गेलेलं नख पूर्ण वाढायला सहा महिने लागले. आता त्याच्या मधोमध एक उभी रेघ आहे. ती बहुधा राहील. मी ते कापते, घासत नाही, वर काही लावत नाही.

लेखीच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी तिचा फोटो आला. उजव्या हाताची बोटं, मधलं पिवळं. खाली लिहिलं होतं, "वरणात टाकायची हळद सांडली. ही खरी हळद आहे, मावशी."

माझ्यासमोर एका नवरीचे हात पाण्यात भिजत होते. मी ते तसेच ठेवून फोन दोन्ही हातांनी धरला, फोटो मोठा केला, कडा बघितल्या. मग लिहिलं, "साबणाने धू. ब्रश लाव. परत फोटो पाठव."

पाच मिनिटांत फोटो आला. नख साधं होतं, गुलाबी, मधोमध रेघ. मी फोन ठेवला आणि पातेल्याखालचा गॅस बंद केला. वीस मिनिटं झाली होती.